३ जानेवारी: भाषणं कमी, आज्ज्या जास्त

सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच सातारा जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. जन्म ३ जानेवारी १८३१. तेव्हा गावातल्या आज्ज्यांचा मान करायच्या कार्यक्रमाला वेगळी तारीख शोधायला नको.

तयारी डिसेंबरातच धरा. गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या बायांची यादी करा आणि शाळेतल्या पोरींना मोबाईल देऊन त्यांच्याकडे पाठवा. ‘तुमचं कार्य सांगा’ असं विचारलं की आजी म्हणते, “मी काय केलंय बाई!” त्यापेक्षा विचारा: पहिली मजुरी किती मिळाली, ७२च्या दुष्काळात खडी फोडायला कुठं गेलात, सही कधी शिकलात? मग थांबवता थांबत नाहीत. सुना शक्यतो बाहेर बसवा.

देवळाच्या मंडपात सुतळी बांधून या आज्ज्यांचे फोटो चिमट्यांनी लावा. खाली नाव लिहा, पण ‘अमक्याची आई’ नको, तिचं स्वतःचं. माणदेशातल्या मोहीच्या ललिता बाबरचाही फोटो ठेवा. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली. पोरी तिथंच रेंगाळतात.

पाहुणा एकच, दहा मिनिटं. आमच्याकडं एकदा चौघं बोलले, तोवर चहा निवला नि आज्ज्या घरी गेल्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हेच फोटो पुन्हा लावा. विधवांना पहिलं बोलवा. वाण म्हणून वाटीऐवजी वही-पेन द्या.