जुनं डोमेन घेऊन रँक मिळवायचाय? या चुका टाळा

एक्स्पायर्ड, म्हणजे मुदत संपून मालकानं सोडलेल्या डोमेनच्या बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून तिकडे येणाऱ्या लिंक) कामाला येतात का? येतात, पण जुन्या साइटचा आणि तुमचा विषय एकच असेल आणि लिंक देणारी पानं अजून जिवंत असतील तर. नाहीतर तुम्ही नुसतं नाव विकत घेताय. तरी लिलावातून डोमेन उचलायचं, आठवडाभर वाट बघायची आणि मग मला फोन करायचा: "सर, डीए चाळीस आहे, मग ट्रॅफिक का नाही?"

कारण डीए (डोमेन अथॉरिटी) हा मोझ या एसईओ टूलवाल्या कंपनीनं अंदाजानं काढलेला साइटच्या वजनाचा आकडा आणि डीआर (डोमेन रेटिंग) एचरेफ्स या तशाच दुसऱ्या कंपनीचा. गूगल यातला एकही वापरत नाही, आणि दोन्ही फुगवून देणारे बाजारात बसलेलेच आहेत.

दादरच्या एका मॉड्युलर किचनवाल्या शेठनी नुसता डीए बघून डोमेन घेतलं. मी वेबॅक मशीनवर (जुन्या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या अर्काइव्हवर) एकेका वर्षाचं पान उघडत गेलो. सुरुवातीला शाळा: स्नेहसंमेलन, सहलीचे फोटो. मग शाळेनं नाव सोडलं आणि पुढे सगळं जपानी, नकली पर्स आणि घड्याळं. अँकर टेक्स्ट, म्हणजे लिंक लावलेले शब्द, तेही बहुतेक जपानीच. शाळेच्या काळातल्या लिंक एकेक हातानं उघडल्या, तर बरीच पानं बंद. सर्च कन्सोलला (गूगलच्या साइटमालकांसाठीच्या टूलला) साइट जोडली तेव्हा मॅन्युअल ॲक्शन, म्हणजे गूगलच्या माणसांनी साइटवर केलेली कारवाई, तीही निघाली. मालक बदलला म्हणून ती आपोआप उतरत नाही. शेठ म्हणाले, "रिकन्सिडरेशन टाकू ना." टाकता येते, म्हणजे गूगलकडे फेरविचाराची विनंती. पण शाळेला मिळालेल्या लिंकवर किचनच्या ट्रॉली आणि चिमण्या विकायच्या कशा? जुन्या साडीच्या दुकानाचा गाळा घेऊन तिथे टायर मांडले, तर साडीचं गिऱ्हाईक टायर नेत नाही. मार्च २०२४ पासून तर गूगलच्या स्पॅम धोरणात एक्स्पायर्ड डोमेनचा गैरवापर वेगळा नोंदलाय, आणि त्यातलं एक उदाहरण प्राथमिक शाळेच्या जुन्या साइटवर कॅसिनोचा मजकूर हेच आहे. शेठना ते डोमेन सोडायला लावलं.

दुसरी लाडकी चूक म्हणजे जुन्या डोमेनची झाडून सगळी पानं ३०१ (पत्ता कायमचा बदलल्याचं सांगणारा रीडायरेक्ट) लावून आपल्या होमपेजवर ढकलणं. पाच मिनिटांत होतं, म्हणूनच सगळे करतात. विषयाशी संबंध नसलेलं असं वळण गूगल सॉफ्ट ४०४, म्हणजे पान नसल्यासारखंच, धरू शकतं, मग लिंक असून नसल्यासारखी. मी आधी लिंक कुठल्या पानांना आहेत ते काढतो आणि त्याच पत्त्यावर त्याच विषयाचं पान नव्यानं लिहितो. कंटाळवाणं काम आहे. अर्काइव्हमधला जुना मजकूर उचलून चिकटवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, डोमेन घेतलं म्हणून त्याचा कॉपीराइट तुमचा होत नाही.

"पंधरा वर्षं जुनं आहे" याला भुलू नका. डोमेनच्या वयाचा काही फायदा नाही, हे गूगलच्या जॉन म्यूलर यांनी २०१९ मध्येच सांगितलंय.

नाव कुणाचा ट्रेडमार्क आहे का, तेही पैसे भरण्याआधी बघा.

आणि मुदत संपली की डोमेन लगेच सुटत नाही. डॉट कॉमला आधी रजिस्ट्रारची (डोमेन विकणाऱ्या कंपनीची) ग्रेस, मग ३० दिवस रिडेम्प्शन (जुन्या मालकाला अजून सोडवता येतं), मग ५ दिवस पेंडिंग डिलीट (आता फक्त काढून टाकायचं बाकी). काही लिलावांत तर बोली जिंकल्यावरही मूळ मालक नूतनीकरण करून डोमेन परत घेतो. डोमेन आपल्या खात्यात दिसेपर्यंत व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकू नका.