इंदूरमधे दिव्यांग सर्टिफिकेट आणि पेन्शन: अर्ज कसा करायचा आणि नाही म्हटलं तर अपील कसं करायचं

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. खिडकीवरच्या बाबूने "नहीं होगा" असं तोंडाने सांगितलं तर तो नकार धरू नका. नकार म्हणजे कागद, त्यावर कारण, तारीख आणि सही. अपील त्या कागदावर होतं, किंवा ठरलेली मुदत उलटून गेली आणि काहीच उत्तर आलं नाही तर त्या मुदतीच्या आधारावर होतं, आणि मुदत मोजायला अर्जाची पावती लागते. आपल्याकडे कितीतरी लोक तोंडी नकार ऐकून घरी परत येतात, वर्षभर गप्प बसतात, आणि मग म्हणतात आमचं रिजेक्ट झालं. अहो रिजेक्ट झालंच नाही, अर्जच कुठे नोंदवला नव्हता! म्हणून कुठेही काहीही दिलं तरी पावती घ्या, नाही देत म्हणाले तर दुसरी प्रत पुढे करा आणि त्यावर शिक्का मागा.

आता दुसरं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र करतात. एक म्हणजे दिव्यांगतेचं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचं देशभर चालणारं ओळखपत्र), ते दवाखान्याचं काम, म्हणजे डॉक्टर टक्के ठरवतात. दुसरी पेन्शन, ती सामाजिक न्याय विभागाची, शहरात नगर निगममार्फत आणि गावात जनपद पंचायतीमार्फत. टक्के कमी दिले तर भांडण एकीकडे, पेन्शन नाकारली तर भांडण दुसरीकडे. चुकीच्या दारात उभं राहिलं की महिने वाया जातात.

सर्टिफिकेटपासून सुरू करू. १ जून २०२१ पासून ते फक्त यूडीआयडीच्या म्हणजे स्वावलंबन कार्डच्या सरकारी पोर्टलवरूनच निघतं, जुनं हाताने लिहिलेलं असेल तरी पोर्टलवर चढवून घ्या. आधार, सहा महिन्यांच्या आतला फोटो, राहण्याचा पुरावा आणि इलाजाचे कागद एवढं लागतं. स्वतः मोबाईलवरून भरता येतं, नाहीतर एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवाल्याकडून भरा पण नंबर आणि ओटीपी स्वतःचाच द्या, कियोस्कवाल्याचा नको, नाहीतर पुढे प्रत्येक मेसेज त्याच्याकडे जातो.

नावाचं मात्र फार जपा. आपल्या मराठी घरांतली ही खास अडचण आहे. आधारवर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असे तिन्ही, समग्रमधे (राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदणीत) मधलं नाव गायब, बँकेत लग्नाआधीचं आडनाव, आणि हिंदीत टाइप करताना काळेचं काले आणि गोखलेचं गोखाले झालेलं. माणसाच्या नजरेला हे एकच नाव, कॉम्प्युटरला तीन माणसं. आधी आधार दुरुस्त करा, मग समग्रची ई-केवायसी, मग बँक, ह्याच क्रमाने. समग्रमधे कुटुंबाचा नंबर ८ आकडी असतो आणि माणसाचा ९ आकडी, पेन्शनच्या अर्जात माणसाचा लागतो.

अर्ज गेला की तपासणीची तारीख येते. इंदूरमधे कोणत्या दवाखान्यात कोणता डॉक्टर कोणत्या वारी बसतो हे बदलत राहतं, निघण्याआधी फोन करून विचारा, व्हीलचेअरवरच्या माणसाला उगाच धार रोडच्या जिल्हा दवाखान्यापर्यंत नेऊन परत आणायचे हाल करू नका. चौकशीला परदेशीपुऱ्यात सामाजिक न्याय परिसर आहे, तिथे माणसं नीट सांगतात.

तपासणीच्या दिवसाबद्दल मला थोडं जास्त लिहायचंय कारण खरं नुकसान तिथेच होतं. डॉक्टर विचारतात, कपडे स्वतः घालतो का, बसने एकटा जातो का, आणि आपली आई पटकन म्हणते, हो हो, करतो ना सगळं. लाज म्हणा, माया म्हणा, पण चार लोकांसमोर मुलाला कमी म्हणवत नाही. मला ते कळतं, फार कळतं, पण त्या खोलीत ते बोलू नका. तो कपडे घालतो पण बटणं आई लावते, हे बोला. औषध वेळेवर घेतो पण कोणी हातात दिलं तरच, हे बोला. खोटं काही नाही सांगायचं, फक्त अर्धं खरं सांगून थांबायचं नाही. घरूनच एक कागद लिहून न्या, सकाळपासून रात्रीपर्यंत कुठे कुठे दुसऱ्याचा हात लागतो, आणि वाईट दिवस कसा असतो. मानसिक आजार असेल तर जुनी प्रिस्क्रिप्शनं तारखेवार लावून न्या, कारण तिथे जी आयडियाज नावाची मोजणी करतात त्यात आजार किती वर्षांपासूनचा आहे हेही धरतात. ऐकू येत नसेल तर ऑडिओग्राम म्हणजे कानाच्या तपासणीचा रिपोर्ट, बौद्धिक दिव्यांगता असेल तर आयक्यूचा रिपोर्ट, जे आधीपासून आहे ते सगळं न्या. मूळ कागद कोणालाच देऊन येऊ नका, फोटोकॉपी द्या.

आणि दोन त्रास असतील तर अर्जात दोन्ही लिहा. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत, आणि बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. पायाचे ३० टक्के आणि कानाचे २० टक्के असतील तर लोक म्हणतात दोन्ही ४० च्या खाली, सोडा. पण एकत्र मोजायचं सूत्र आहे: मोठा आकडा ९० मधून वजा करा, त्याला लहान आकड्याने गुणा, ९० ने भागा, आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवा. इथे ९० वजा ३० म्हणजे ६०, गुणिले २० म्हणजे १२००, भागिले ९० म्हणजे साधारण १३. तीस आणि तेरा, ४३ टक्के. माणूस आत आला! हे सूत्र सरकारच्याच गाइडलाइनमधलं आहे, डॉक्टरांना आदराने पण स्पष्ट आठवण करून द्या.

कार्डावर पट्टी असते, ४० च्या खाली पांढरी, ४० पासून ८० च्या आत पिवळी, ८० आणि वर निळी. सर्टिफिकेट टेम्पररी असेल तर त्यावर मुदत लिहिलेली असते, ती संपायच्या आधीच रिन्यूचा अर्ज टाका, कारण ती संपली की त्या सर्टिफिकेटवर मिळणारं सगळं थांबतं.

टक्के कमी दिले किंवा अर्ज नाकारला तर? नियमात स्पष्ट आहे की नकाराचं कारण लेखी द्यावं लागतं. ते हातात आलं की कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. राज्य सरकारने त्यासाठी अपीलीय प्राधिकारी नेमायचा असतो, म्हणून सिव्हिल सर्जनच्या (जिल्हा दवाखान्याच्या प्रमुखाच्या) ऑफिसमधे लेखी विचारा की माझं अपील कोणाकडे आणि किती दिवसांत, आणि उत्तर यायची वाट बघत न बसता अपील तयार ठेवा. त्यात रडगाणं नको. एवढंच लिहा: अमुक तारखेला तपासणी झाली, एवढे टक्के दिले, माझा हा रिपोर्ट बघितला नाही किंवा हा दुसरा त्रास मोजलाच नाही, म्हणून पुन्हा तपासणी करावी. नवीन रिपोर्ट जोडता आला तर उत्तमच. तपासणीचे कागद दाखवत नसतील तर स्वतःच्या कागदांसाठी आरटीआय लावा, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, बीपीएलवाल्यांना फी नाही.

आता पेन्शन. मध्य प्रदेशात महिन्याला ६०० रुपये. रक्कम बघून वाईट वाटतं, खरंच वाटतं. कायद्याच्या कलम २४ मधे तर लिहिलंय की अशा योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मिळालं पाहिजे. पण कमी आहे म्हणून सोडू नका, ६०० रुपयांत औषधाचा थोडा तरी भार उतरतो आणि तो हक्क आहे. इथे गोंधळ असा होतो की केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन बीपीएल आणि ८० टक्क्यांवर असते, तर राज्याची स्वतःची ४० टक्क्यांपासून. तुमचे ५५ टक्के असतील आणि कोणी म्हटलं ८० पाहिजेत, तर तो दुसऱ्याच योजनेबद्दल बोलतोय, योजनेचं नाव घेऊन विचारा. मुलाला बौद्धिक दिव्यांगता किंवा बहुदिव्यांगता असेल तर त्यांच्यासाठी वेगळं सहाय्य अनुदानही आहे, त्याचं नाव घेऊनच चौकशी करा.

अर्ज नगर निगमच्या झोन ऑफिसला, ऑनलाइन किंवा लोकसेवा केंद्रातून करता येतो. जमत असेल तर लोकसेवा केंद्रातूनच करा, कारण तिथल्या पावतीवर काम कधीपर्यंत व्हायला हवं ती तारीख छापलेली येते. ही तारीख फार कामाची आहे. मध्य प्रदेशात २०१० पासून लोकसेवा गॅरंटी कायदा आहे. अर्ज नाकारला किंवा ती तारीख उलटून गेली, तर त्यानंतर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील. त्याचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत दुसरं. दुसऱ्या अपिलात उशिरासाठी अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्यातून अर्जदाराला भरपाई देता येते. हे नुसतं अपिलात लिहिलं तरी फाइल हलायला लागते.

१८१ वर सीएम हेल्पलाइनला तक्रार जरूर करा, पण ती तक्रार म्हणजे अपील नाही! तुम्ही १८१ च्या भरवशावर बसाल आणि इकडे ३० दिवस निघून जातील. दोन्ही एकाच वेळी करा. आणि फोन येईल, "काम हो जाएगा, शिकायत बंद करवा दो", तेव्हा नम्रपणे सांगा की खात्यात पैसे आले की मीच बंद करीन. मंगळवारी कलेक्टर ऑफिसला मोती तबेल्यावर जनसुनवाई (लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकण्याचा दिवस) असते, तिथेही एका पानाचा अर्ज आणि सगळ्या पावत्यांची फोटोकॉपी घेऊन जा. त्याच्यावर भोपाळला दिव्यांगजन आयुक्त आहेत, त्यांना अर्ज पाठवता येतो. आणि वकिलाच्या पैशाची चिंता करू नका, दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न कितीही असो विधिक सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, १५१०० वर फोन करा.

चालू असलेली पेन्शन अचानक बंद झाली तर घाबरू नका, बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक असतं: समग्रची ई-केवायसी झाली नाही, खात्याला आधार जोडलेलं नाही, किंवा सत्यापनाला म्हणजे पडताळणीला माणूस आला तेव्हा घरी कोणी नव्हतं आणि त्याने "नाही सापडले" लिहून टाकलं. झोनमधे जाऊन आधी कारण काय ते विचारा, लेखी घ्या, दुरुस्त करून द्या, आणि त्याच अर्जात मधल्या महिन्यांची थकलेली रक्कमही मागा. ती न मागता आपोआप येईल असं धरून चालू नका.

मुलगा किंवा मुलगी १८ ची होत आली असेल आणि ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुदिव्यांगता असेल तर आणखी एक काम आत्ताच सुरू करा. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टरच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालकांना कायदेशीर पालकत्व देते. १८ नंतर आईबाप आपोआप पालक राहत नाहीत, आणि हा कागद नसला की बँकेतला साहेब खातं चालवू देत नाही, मग पेन्शन आली तरी काढायची कशी. त्याच न्यासाची निरामय नावाची आरोग्य योजनाही आहे, १ लाख रुपयांपर्यंतची, ती ह्याच चार प्रकारांसाठी, तिचा अर्जही ह्याच सोबत भरून टाका.