रोजच्या गरजांची चिंता देवावर कशी सोपवावी

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही लालबागच्या एका चाळीत राहत होतो आणि माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात, कामाला होते. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, त्यांत आमच्या घरचाही एक होता. वाण्याकडची उधारी एका लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत लिहिली जाई. संध्याकाळी दिवा लावून झाला की आई त्या वहीतला हिशेब एकदा नीट पाही, दुसऱ्या दिवशी काय करायचे ते ठरवी आणि मग ती वही देव्हाऱ्यात विठ्ठलाच्या तसबिरीपुढे ठेवून म्हणे, “आता रात्रभर तू सांभाळ.” सकाळी अंघोळ होईपर्यंत ती वहीला हात लावत नसे. सकाळ झाली की मात्र ती वही पिशवीत टाकून पापड लाटायच्या कामाला बाहेर पडे. ती सगळी उधारी फिटायला पुढे चार वर्षे लागली, हे मुद्दाम सांगतो, कारण देवावर भरवसा ठेवला की पैशांची अडचण लगेच सुटते असे मानणाऱ्याचा भरवसा पहिल्याच महिन्यात डळमळतो. आईला मिळाली ती रात्रीची झोप, आणि त्या झोपेच्या बळावर तिने दिवस काढले.

तिची ही रीत कोणालाही शिकता येते. तिच्यामागचा अर्थ मला पुढे भगवद्गीतेच्या ९व्या अध्यायातील २२व्या श्लोकात सापडला. अनन्यभावाने माझे चिंतन करणाऱ्यांचा योगक्षेम मी वाहतो, असे भगवंत तेथे सांगतात. १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने आपल्या बोधचिन्हाखाली याच श्लोकातील शेवटचे शब्द घेतले असून नरिमन पॉइंट भागातील त्याच्या मुख्यालयाचे नावही ‘योगक्षेम’ असे आहे. ‘योग’ म्हणजे जे आपल्याजवळ नाही ते मिळणे आणि ‘क्षेम’ म्हणजे जे मिळाले आहे त्याचे रक्षण होणे, असा या शब्दांचा अर्थ शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात दिला आहे. आपल्या बहुतेक चिंता या दोहोंत मावतात, म्हणून सुरुवात येथूनच करावी.

एक साधी वही घ्यावी आणि रात्रीच्या जेवणाआधी मनातील चिंता तीत लिहून काढाव्यात. नोकरी मिळेल का, मुलीच्या शाळेची फी कशी भरणार, गावी औषधाला पैसे कुठून पाठवणार, या चिंता योगाच्या. आणि आहे ती नोकरी टिकेल का, भाड्याच्या खोलीचा करार संपल्यावर घरमालक भाडे किती वाढवील, या क्षेमाच्या. ‘सगळेच कठीण झाले आहे’ असे कधीही लिहू नये. रक्कम, तारीख आणि माणूस यांचा उल्लेख असावा, कारण मोघम चिंता ना आपल्याला सोडवता येते, ना देवापुढे नीट ठेवता येते.

त्यानंतर प्रत्येक चिंतेपुढे उद्या संध्याकाळपर्यंत आपल्या हातून होण्यासारखे एकच काम लिहावे. देवावर विश्वास असलेल्या माणसाने अर्ज करू नये, उधारीची मुदत वाढवून मागू नये, असे काही जण समजतात. माझ्या मते हा विश्वासाचा नव्हे, संकोचाचा भाग आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. आपण पात्र असू, तर शिधावाटप कार्यालयाच्या रांगेत उभे राहणे हीदेखील देवाने पुढे केलेला हात धरण्याचीच एक रीत आहे. शेजारणीने आणून दिलेली भाजीची वाटीही याच भावनेने घ्यावी. ज्या चिंतेपुढे लिहिण्यासारखे कोणतेच काम उरत नाही, ती पूर्णपणे देवाची समजावी.

हे झाले की वही मिटावी आणि देव्हाऱ्यात ठेवावी. देव्हारा नसेल तर फळीवरच्या तसबिरीजवळ ठेवली तरी चालेल, मात्र उशाशी ठेवू नये. ठेवताना आपल्या भाषेत, मोजक्या शब्दांत सांगावे आणि त्यानंतर पैशांविषयी घरात कोणी बोलू नये, हा नियम सर्वांनी पाळावा. नवरा-बायकोचे रात्री अकरा वाजता सुरू झालेले हिशेब क्वचितच भांडणावाचून संपतात.

दिवसाची तजवीज वेगळी करावी लागते. चिंता आणि चिंतन हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत, आणि मन रिकामे राहत नसल्यामुळे एकीची जागा दुसऱ्याला द्यावी लागते. डोंबिवलीहून दादरला येताना गर्दीत पुस्तक उघडता येत नाही, पण नाम घेता येते. एखादा अभंग पाठ असेल तर एका स्थानकापासून पुढच्या स्थानकापर्यंत तो मनात घोळवावा. शिवाय, भात शिजवताना मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात टाकून महिनाअखेरीस ते आपल्याहून अडचणीत असलेल्या घरी द्यावेत. देणाऱ्या हाताला आपल्याजवळही काही आहे हे कळते.

इतके करूनही कित्येक आठवडे झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोनवरूनही सल्ला मिळतो. त्याने श्रद्धेत काही उणे येत नाही.

पहिले काही दिवस वही ठेवूनही मन तिच्याकडेच धावेल. तसे झाले तर स्वतःला बोल न लावता, ती जागच्या जागी आहे एवढे पाहून परत अंथरुणावर यावे. आईही काही रात्री उठत असे. अंधारात चाचपडत देव्हाऱ्यापर्यंत जाई, वहीवर हात ठेवून क्षणभर उभी राही आणि ती न उघडताच येऊन आमच्याशेजारी आडवी होई.