परदेशात माल विकायचाय? आधी तिथलं गिऱ्हाईक बघा

बाहेरच्या देशात धंदा करायचा म्हटलं की बरेच जण आधी तिथली लोकसंख्या शोधतात आणि मग नुसत्या एक टक्का लोकांनी घेतलं तरी किती होतील असा हिशोब मांडून बसतात. कळकळीने सांगतो, हा हिशोब करू नका. पहिलं हे शोधा की तुमची वस्तू नसताना तिथले लोक आज कशावर भागवतात आणि त्यांना त्यात काही खटकतंय का.

स्टारबक्स या अमेरिकन कॉफी कंपनीचंच बघा ना, 2000 साली ऑस्ट्रेलियात गेले, पण इटालियन आणि ग्रीक लोकांनी तिथं कितीतरी आधीच एस्प्रेसो रुजवली होती, चांगले छोटे कॅफे होते, लोकांचं काही अडलंच नव्हतं, शेवटी 2008 मध्ये 84 पैकी 61 दुकानं बंद केली. एवढा पैसा असून!

मग खटकतंय काय हे कळणार कसं, तर तिथल्या ऑनलाइन शॉपिंग साइटवर तुमच्यासारख्या मालाचे एक आणि दोन स्टारवाले रिव्ह्यू ट्रान्सलेट करून वाचा, शंभरेक तरी वाचाच, कंटाळा येईल पण रिपोर्ट विकत घेण्याआधी हे करा.

नंतर भाव. तुमच्या मालाचा एचएस कोड, म्हणजे आयात-निर्यातीत प्रत्येक मालाला असलेला ठरावीक नंबर, काढा, त्याचे पहिले 6 आकडे जगभर सारखेच असतात, पुढचे देशाप्रमाणे बदलतात. तो कोड ट्रेड मॅप या साइटवर टाकला की तो देश कुणाकडून किती माल घेतो ते दिसतं, किंमतीला वजनाने भागा म्हणजे साधारण कुठल्या भावाने घेतात तेही कळतं. आता उलटा हिशोब करा, म्हणजे तिथल्या दुकानातला भाव घ्या आणि त्यातून दुकानदाराचं मार्जिन, डिस्ट्रिब्युटरचं मार्जिन, टॅक्स, ड्युटी, मालवाहतुकीचं भाडं, इन्शुरन्स सगळं वजा करत या, उरलं त्यात तुमचा खर्च बसत नसेल तर तो देश सोडा, वाईट वाटून घेऊ नका.

नियम प्रत्येक मालाचे वेगळे. विजेची वस्तू असेल तर जपानमध्ये 100 व्होल्ट, त्यातही पूर्वेला 50 हर्ट्झ आणि पश्चिमेला 60. चीनमध्ये ट्रेडमार्क साधारणपणे जो आधी अर्ज करतो त्याचा, म्हणून तिथल्या कुणाशी बोलणी सुरू करायच्या आधीच अर्ज टाका.

आणि डिस्ट्रिब्युटर पहिल्याच मीटिंगला पूर्ण देशाचे हक्क मागेल, तेव्हा एकच शहर द्या, एक वर्षासाठी, आणि किमान किती माल उचलायचा तो आकडा करारात लिहून घ्या.