मृगाआधी चेंजओव्हर बसवा: वेल्डिंग जनरेटरवर घर, तळं, शेड चालवणाऱ्यांसाठी

रोहिणी सुरू आहे. वळवाचा एक तडाखा बसला की कोकणपट्टीत पहिले विजेचे खांब आडवे होतात. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ने तीच गत केली. तेव्हापासून गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याचं इंजिनवरचं, वीजही देणारं वेल्डिंग मशीन (वेल्डिंग जनरेटर) आणून घर, कोळंबीचं तळं, पोल्ट्री चालवायची रीत पडली आहे. रीत चांगली आहे. पण त्यातल्या एका चुकीपायी माल गेलेला मी पुन्हा पुन्हा पाहतो आहे. ती चूक म्हणजे चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा स्विच) न बसवता दोन्ही टोकांना पिन-टॉप (प्लग) लावलेली वायर घरच्या सॉकेटात खुपसणं.

एका तळ्यावरचं सांगतो. एक एकराचं तळं, चार एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रं). तीन दिवस वेल्डिंग जनरेटरवर सगळं सुरळीत चाललं. ‘मेन पाडलाय’ या भरवशावर चेंजओव्हर बसवला नव्हता. तिसऱ्या रात्री शेजारच्या आवारात दिवा दिसला, म्हणून घरातल्या कोणीतरी मेन वर केला. जनरेटर सुरूच होता. लाइनचा करंट समोरून आदळला आणि अल्टरनेटरचं (जनरेटरमधल्या वीज तयार करणाऱ्या भागाचं) वाइंडिंग जळालं. तासाभरात लाइटही परत गेली. आता हातात काहीच नव्हतं. पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो. उजाडताना बांधावर बगळे जमले होते आणि कोळंबी कडेला येऊन तडफडत होती. वादळात वाचलेला माल त्या एका मेनपायी गेला.

उलट बाजूचा धोका तर जिवाचा आहे. मेन चालू राहिला तर तुमच्या मशीनचा करंट लाइनवर जातो. तो डीपीपर्यंत (गावच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत) पोचला की ट्रान्सफॉर्मर उलटा चालतो आणि ११,००० व्होल्टची लाइन जिवंत होते. आपल्याच गावासाठी पावसात खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात ती लाइन असते.

तेव्हा मृग लागायच्या आत परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर बसवून घ्या. थ्री फेजला चार पोलचा, सिंगल फेजला दोन पोलचा. न्यूट्रलही तुटलाच पाहिजे, नुसता फेज तोडून चालत नाही. तुमच्या लोडपेक्षा वरच्या अँपिअरचा साधा, हाताने फिरवायचा घ्या. दुकानदार ऑटोमॅटिक पॅनेल, स्टॅबिलायझर, ‘पॉवर सेव्हर’ डबी असं सगळं गळ्यात मारायला बघेल. एखाद्या एकराच्या तळ्याला यातलं काही लागत नाही. महागडा सायलेंट जनरेटर घेऊनही चेंजओव्हर नसेल तर तोही असाच जळतो. चेंजओव्हरच्या लाइनच्या बाजूला एक इंडिकेटर दिवा मात्र लावून घ्या. लाइट आली की तो पेटतो, मग मेन वर करून बघायचा मोह कोणाला होत नाही.

मशीन आणताना प्लेट वाचा. २३० किंवा ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ असेल तरच घ्या. बाहेरून आलेली काही मशीनं ११० व्होल्ट, ६० हर्ट्झची असतात. घराची जोडणी मशीनवरच्या पॉवरच्या सॉकेटातूनच करायची. वेल्डिंगच्या टोकांना घर कधीही जोडू नका, तिथला करंट वेगळा असतो. ‘ऑटो आयडल’ बटण असेल तर ते बंद ठेवा, नाहीतर थोड्या लोडवर इंजिन मंदावतं आणि मोटारींना व्होल्टेज पुरत नाही.

मशीनवर किती लोड टाकायचा याचा कंपनीच्या पुस्तकातला आकडा पाळा, पण मोटारींच्या बाबतीत माझा अंदाज त्याहून कडक आहे. मोटार सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते. २ एचपीचे चार एरेटर एकदम सुरू केलेत तर मशीन बंद पडेल. एक सुरू करा, इंजिनचा आवाज सावरेपर्यंत थांबा, मग दुसरा. मोकळं असताना फ्रिक्वेन्सी ५२ हर्ट्झच्या आसपास आणि पूर्ण लोडवर ४८ च्या वर राहिलं तर मी ते मशीन ठीक धरतो. आवाज कण्हल्यासारखा झाला तर एक एरेटर कमी करा.

आधी करायची बाकीची कामं:
- डिझेलच्या टाकीतलं पाणी-गाळ काढणं, फिल्टर बदलणं
- बॅटरी चार्ज, टर्मिनल घासून ग्रीस
- ऑइल, रेडिएटरचं पाणी, बेल्ट
- स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा
- पूर्ण लोडवर एक तास चालवून पाहणं
- डिझेलचा साठा (४ किलोवॅट लोडला तासाला दीड-दोन लिटर धरा)

मशीन पडवीत, गोठ्यात, बंद शेडमध्ये लावू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. दारं-खिडक्यांपासून किमान वीस फूट लांब आणि वर नुसतं छप्पर असावं. मशीनवर वेल्डिंग चालू असताना त्यावरून घराला पॉवर घेऊ नका.

तळंवाल्यांनी वादळाचा इशारा येताच खाद्य बंद करावं. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नये. ऑक्सिजनच्या गोळ्या-पावडरी विकणारे नेमके या दिवसांत फिरतात. त्याने एखादा तास निघेल, रात्र निघत नाही. पोल्ट्रीवाल्यांनी पंख्यांचा लोड आजच मोजून ठेवावा. बंदिस्त शेडमध्ये पंखे थांबले तर काही मिनिटांतच पक्षी गुदमरायला लागतात.

आणि लाइट परत आली की क्रम हाच: आधी एरेटर किंवा पंखे एकेक बंद, मग चेंजओव्हर मधल्या खुणेवर, मग लाइनवर. एरेटर पुन्हा एकेक सुरू करा, पण मशीन लगेच बंद करू नका. पंधरा मिनिटं मोकळं चालू द्या. वादळानंतर पहिल्यांदा आलेली लाइट बहुतेक वेळा टिकत नाही.