गाड्या वाढवल्या की निरोप पोहोचत नाही? सिम्युलेशनमधल्या या चुका टाळा

शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट सुरू झाले की, गाड्या एकमेकींना वायरलेसने निरोप देतात त्या नेटवर्कच्या सिम्युलेशनचा हा आलेख घेऊन एखादा ग्रुप माझ्याकडे येतोच. रस्त्यावर मोजक्या गाड्या असताना अपघाताचा इशारा बहुतेकांना मिळतो, गर्दी केली की मिळेनासा होतो. मग अल्गोरिदम बदलायची घाई सुरू होते. त्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

इशारा मिळाला की प्रत्येक गाडीने तो लगेच पुढे पाठवायचा, असं कोडमध्ये असेल तर दुखणं तिथेच आहे. ८०२.११पी मध्ये, म्हणजे गाड्यांसाठीच्या वायफाय मानकात, ब्रॉडकास्टला (एकदम सर्वांना पाठवलेल्या निरोपाला) मिळाल्याची पोच येत नाही. दोन पॅकेट एकमेकांवर आदळली तरी पाठवणाऱ्या गाडीला ते कळत नाही, त्यामुळे ती पुन्हा पाठवत नाही आणि तिची कन्टेन्शन विंडोही (पाठवण्याआधी थांबायची रँडम वेळ ज्या मर्यादेत निवडली जाते ती) वाढत नाही. एकाच क्षणी ऐकलेल्या गाड्या जवळपास एकाच क्षणी बोलू लागतात आणि कुणाचंच नीट ऐकू येत नाही. यालाच ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात. उपाय सोपा आहे: पाठवणाऱ्यापासून जी गाडी सर्वांत लांब, तिने सर्वांत कमी थांबायचं. थांबलेली असताना तोच निरोप पुढच्या गाडीकडून ऐकू आला, तर आपला रद्द करायचा. पण शेजारच्या लेनमधल्या दोन गाड्यांचं अंतर सारखंच असतं, म्हणून त्या सारख्याच थांबतात आणि पुन्हा एकत्र बोलतात. थांबण्याच्या वेळेत थोडा रँडम भाग मिसळाच. बीकनच्या, म्हणजे प्रत्येक गाडी ठरावीक वेळाने पाठवते त्या छोट्या संदेशाच्या, सुरुवातीलाही तसाच रँडम ऑफसेट द्या.

रस्त्याकडेच्या युनिटकडून, म्हणजे आरएसयूकडून, फाइल घ्यायची असेल तर आधी कागदावर हिशेब करा. रेंज दोन्ही बाजूंना २५० मीटर धरली आणि गाडी ताशी ९० किलोमीटरने चालली, तर ती सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे हातात फक्त २० सेकंद. २० मेगाबाइटची फाइल ६ एमबीपीएसने उतरायला २६ सेकंदांहून जास्त लागतात, तेही चॅनल एकटीला मिळालं तर! त्यामुळे फाइल तुकड्यांत वाटा आणि राहिलेले तुकडे पुढे गाड्यांना आपसांत देऊ द्या. साधं वायफाय जोडणी आणि आयपी पत्ता मिळवण्यातच काही सेकंद खातं. ८०२.११पी मधून ती जोडणीची पायरी मुद्दाम काढली आहे. तुमच्या मॉडेलमध्ये ती राहिली नाही ना, हे बघा.

आता नकाशा. स्क्रीनवर इमारती दिसतात म्हणजे त्या सिग्नल अडवतात, असं नाही. व्हेन्स या गाड्यांच्या नेटवर्कच्या सिम्युलेटरमध्ये ऑब्स्टॅकल शॅडोइंगचं (अडथळ्यांमुळे सिग्नल क्षीण होण्याचं) मॉडेल कॉन्फिगमध्ये सुरू केलेलं नसेल, तर सिग्नल भिंतीतून आरपार जातो आणि चौकातला निकाल फसवा निघतो. पुण्याचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतला असेल तर तो सुमो या वाहतूक सिम्युलेटरसाठी बदलून देणाऱ्या नेटकन्व्हर्टला लेफ्टहँडचा (डावीकडून वाहतुकीचा) पर्याय दिलाय का तेही पाहा, आणि दुचाकी हव्या असतील तर एका लेनमध्ये शेजारी-शेजारी चालू देणारं सबलेन मॉडेल लावा. आपल्या रस्त्यांवर दुचाकी लेन धरून चालत नाहीत.

एका ग्रुपचे निकाल दर वेळी साधारण पाच मिनिटांनंतर बिघडत. दोन दिवस आम्ही कोड चाळला. शेवटी सुमोच्या कन्सोलवरचे पिवळे इशारे वाचले: ‘टेलिपोर्टिंग व्हेइकल’. एखादी गाडी ३०० सेकंद अडकून पडली की सुमो तिला उचलून पुढच्या मोकळ्या जागी टाकतो. आमच्या प्रयोगात रस्ता अपघाताने अडवलेला होता, म्हणजे जी गाडी निरोप धरून उभी राहायला हवी तीच जागेवर नव्हती. टाइम-टू-टेलिपोर्ट ही सेटिंग उणे १ (म्हणजे बंद) केल्यावर हे थांबलं.

सर्वांत जास्त फसवतो तो सरासरी विलंब. तो फक्त पोहोचलेल्या निरोपांवरून काढला जातो. रस्ता विरळ असेल, निरोप दोनच शेजाऱ्यांना मिळून तिथेच विरला, तर विलंब मिलिसेकंदांत येतो आणि आलेख सुंदर दिसतो. म्हणून प्रत्येक आलेखाशेजारी किती टक्के गाड्यांपर्यंत निरोप गेला ते लिहा, आणि वेगवेगळ्या सीडवर (रँडम आकड्यांच्या सुरुवातीच्या किमतीवर) किमान दहा रन घ्या. एकाच रनवर काढलेला आलेख मी तरी तपासायला घेत नाही.