जुनं इलेक्ट्रॉनिक सामान रिसायकलरकडे देण्याआधी काय विचारायचं

‘ई-कचरा अधिकृत रिसायकलरकडे द्या’ एवढा एका ओळीचा सल्ला सगळीकडे मिळतो आणि बहुतेक लेख तिथेच थांबतात. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. २०२२ साली जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. बऱ्याच सरकारांनी कायदे केलेत, याद्या केल्यात, प्रमाणपत्रांची सोय केली आहे. ही साधनं नीट वापरायची कशी, हे मात्र कोणी सांगत नाही. कार्यालयांचं, शाळांचं जुनं सामान मार्गी लावायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. मी ज्या क्रमाने जाते, तो क्रम इथे लिहिते.

आधी वेगळं काढा

चालू स्थितीतलं सामान रिसायकलिंगला देऊ नका, वापरणाऱ्याला द्या. दुरुस्त होण्यासारखं असेल तर आधी दुरुस्तीला.

बॅटरी

निघत असेल तर काढा, टोकांना चिकटपट्टी लावा आणि वेगळी द्या. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, ओढून काढायचा प्रयत्न करू नका. ती कोरड्या वाळूच्या धातूच्या डब्यात ठेवा आणि घेणाऱ्याला तोंडी स्पष्ट सांगा. नुसती चिठ्ठी चिकटवून भागत नाही, ती वाटेत पडते.

माहिती पुसणं

फोन रीसेट करण्याआधी त्यातल्या खात्यातून बाहेर पडा. नाहीतर तो पुढच्या माणसासाठी कुलूपबंदच राहतो आणि चांगला चालणारा फोन नुसता तुकडे करायला जातो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर एकदा पूर्ण ओव्हरराइट केलं, म्हणजे सगळ्या जागेवर दुसरं काही लिहिलं, की पुरतं. एसएसडीचं, म्हणजे फिरता भाग नसलेल्या चिपवरच्या डिस्कचं, तसं नाही. ती माहिती आतल्या आत जागा बदलून लिहिते, त्यामुळे वरून लिहिलं तरी जुने तुकडे मागे राहू शकतात. तिच्यासाठी निर्मात्याने दिलेला सिक्युअर इरेजचा पर्याय वापरा. मोठ्या ऑफिस प्रिंटरमध्ये आणि झेरॉक्स मशीनमध्येही बऱ्याचदा डिस्क असते, ती हमखास विसरली जाते.

रिसायकलर निवडणं

इथे घाई करू नका. सुरुवातीला मी याच टप्प्यावर फार अडखळत असे, कारण प्रत्येकाकडे कसलं ना कसलं प्रमाणपत्र असतं आणि बोलतात सगळे सारखंच. माझा गोंधळ संपवला एका प्रश्नाने: ज्या भागातून तुम्हाला पैसे मिळत नाहीत, त्याचं तुम्ही काय करता?

हा प्रश्न का, ते नीट समजून घ्या. संगणक उघडला की तांब्याच्या तारा, ॲल्युमिनियम, लोखंड आणि सर्किट बोर्ड निघतात. हे सगळं विकलं जातं. बोर्डांत सोनं, पॅलेडियम, तांबं असतं. ते वेगळं करणारे मोठे स्मेल्टर, म्हणजे धातू वितळवणारे कारखाने, जगात मोजकेच आहेत, उदाहरणार्थ बेल्जियममध्ये होबोकेनला उमिकोर, स्वीडनमध्ये रॉनशेअरला बोलिडेन. पैसा मिळत असल्यामुळे बोर्ड कुठे ना कुठे पोचतातच, त्यांची काळजी तुलनेने कमी. तोट्याचा भाग वेगळा आहे. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं. एलईडीआधीच्या एलसीडी स्क्रीनच्या मागे पेन्सिलपेक्षाही बारीक नळ्या असतात, त्यांत पारा असतो आणि त्या हाताळताना सहज फुटतात. बऱ्याच जुन्या प्लास्टिकमध्ये ब्रोमीनयुक्त अग्निरोधक रसायनं असतात. या वस्तूंची सुरक्षित विल्हेवाट लावायची तर खिशातून पैसे घालावे लागतात. म्हणून लबाडी होते ती इथेच: तांबं नि बोर्ड काढून घ्यायचे आणि उरलेलं जाळायचं, पुरायचं किंवा कंटेनरमध्ये भरून परदेशी धाडायचं.

बासेल ॲक्शन नेटवर्क या संस्थेने अमेरिकेत सुमारे २०० जुन्या उपकरणांत जीपीएस ट्रॅकर लपवून ती टाकून दिली आणि २०१६ साली निष्कर्ष जाहीर केले. त्यातली सुमारे एक तृतीयांश उपकरणं देशाबाहेर गेली आणि त्यांतली बरीचशी हाँगकाँगमध्ये सापडली. काही तर प्रमाणपत्र असलेल्या कंपन्यांच्या हातून गेलेली होती. त्यामुळे ‘प्रमाणपत्र आहे’ एवढ्यावर मी सामान देत नाही, तुम्हीही देऊ नका.

परदेशी पाठवण्याच्या वाटेवर सरकारांनी बराच बंदोबस्त केला आहे. धोकादायक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याबद्दलच्या १९८९ च्या बासेल या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०२५ पासून कोणताही ई-कचरा, धोकादायक असो वा नसो, दुसऱ्या देशात न्यायचा तर त्या देशाची आगाऊ संमती लागते. अमेरिकेने हा करार अजून मंजूर केलेला नाही, हे लक्षात ठेवा. शिवाय कचरा ‘सेकंडहँड माल’ म्हणून पाठवण्याची पळवाट आहेच. म्हणून दुसरा प्रश्न विचारा: पुनर्वापरासाठी पाठवता तो प्रत्येक नग चालू आहे का, हे तपासता का, आणि त्याची नोंद दाखवाल का?

आता प्रमाणपत्र हातात घेऊन वाचा. आर२ आणि ई-स्टुअर्ड्स ही यातली नावाजलेली दोन. आर२ प्रमाणपत्र ठरावीक पत्त्याला दिलेलं असतं, कंपनीच्या सगळ्या गोदामांना नाही. गाडी एका पत्त्यावर आणि प्रमाणपत्र दुसऱ्याच पत्त्याचं, असं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे. पत्ता, मुदत आणि परवानगी नेमकी कशाची, या तीन गोष्टी बघा आणि दाखवलेल्या झेरॉक्सवर न थांबता प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या यादीत नाव स्वतः शोधा. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार रिसायकलरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते, तेव्हा तिथे तपासा. पण त्या व्यवस्थेतली उत्पादक जबाबदारीची प्रमाणपत्रं (उत्पादकाने रिसायकलिंगची आपली जबाबदारी पार पाडल्याचा पुरावा म्हणून रिसायकलरकडून घ्यायची) सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या धातूंच्या हिशेबावर चालतात. काच, प्लास्टिक नि पाऱ्याबद्दलचा प्रश्न तुम्हालाच विचारावा लागणार.

उत्तर कसं पारखायचं? चांगला रिसायकलर पुढे माल घेणाऱ्याचं नाव सांगतो, कागद दाखवतो, कधी कधी ‘या वस्तूचे तुम्हालाच पैसे द्यावे लागतील’ असंही म्हणतो. असं कोणी म्हणालं की मला बरं वाटतं, कारण त्याने खर्चाचा हिशेब मांडलेला आहे. ‘आमच्याकडे शंभर टक्के सगळं रिसायकल होतं’ असं सांगून पुढे काहीच न बोलणाऱ्यापासून लांब राहा. आणि पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचेही पैसे देतो म्हणणाऱ्याला सामान अजिबात देऊ नका. ‘जास्त भाव देणारा निवडा’ हा सल्ला मी ठिकठिकाणी वाचते. ई-कचऱ्याच्या बाबतीत इतका घातक सल्ला दुसरा नाही. जास्त भाव बहुतेक वेळा न केलेल्या विल्हेवाटीतूनच निघतो.

सुपूर्द करताना

नगांची यादी, वजन, डिस्कचे सिरियल नंबर, सही-शिक्का. गाडी निघण्याआधी घ्या, नंतर मिळत नाही.

पुढची खरेदी

रिसायकलिंगची निम्मी डोकेदुखी खरेदीच्या दिवशीच टाळता येते. युरोपने १ जुलै २००६ पासून नव्या उपकरणांत शिसं, पारा, कॅडमियम यांच्या वापरावर मर्यादा घातल्या आणि त्याचा फायदा इतर देशांतल्या ग्राहकांनाही झाला. खुणा वाचताना मात्र फरक ओळखा: एनर्जी स्टार मुख्यतः विजेच्या वापराबद्दल सांगतो, उपकरण उघडता येतं का, आत काय आहे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी ईपीट किंवा टीसीओ सर्टिफाइड या खुणा बघा. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापतात. तेच मॉडेल तुमच्याकडे मिळत असेल तर ते गुण शोधून वाचा.

युरोपीय संघात नवं उपकरण विकणाऱ्या दुकानाला त्याच प्रकारचं जुनं उपकरण फुकट परत घ्यावं लागतं. तुमच्याकडे असा कायदा नसला तरी संस्थेसाठी घाऊक खरेदी करताना जुनं सामान परत घेण्याची अट ऑर्डरमध्येच लिहून घ्या आणि त्या अटीत काच, पारा, प्लास्टिक कुठे जाणार हे नाव घेऊन लिहा. ऑर्डर हातात असेपर्यंतच विक्रेता या गोष्टी मान्य करतो.